बाबासाहेब आणि विजेचे जाळे

जून २०२० च्या पहिल्या आठवड्यात निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात सर्वांत जास्त मार बसला तो दापोली आणि मंडणगड या दोन तालुक्यांना. घरांवरचे पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब काड्यांसारखे मोडले. काही गावांत वीज परत यायला कित्येक आठवडे लागले. त्या दिवसांत ओपीडीत आलेल्या एका आजीबाईंनी पिशवीतून इन्सुलिनची कुपी काढून माझ्यापुढे ठेवली. फ्रिज बंद पडला म्हणून सुनेने ती कोरड्या डब्यात घालून, पाण्याने भरलेल्या मडक्यात तरंगत ठेवली होती. औषध बिघडले का, एवढेच त्यांना विचारायचे होते. सुनेने अगदी योग्य केले होते, तसे मी त्यांना सांगितले. पण विजेची तार तुटली की तिचे दुसरे टोक माणसाच्या शरीरापर्यंत कसे पोहोचते, हे त्या दिवशी मला पुन्हा एकदा दिसले.

आजीबाई मंडणगड तालुक्यातल्या. आंबडवे हे गावही त्याच तालुक्यातले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे हे मूळ गाव, आणि आंबेडकर हे आडनावही या गावावरूनच आले. ६ डिसेंबर जवळ आला की बाबासाहेबांवर पुष्कळ लिहिले जाते. राज्यघटनेवर, महाडच्या तळ्यावर, नागपूरच्या धम्मदीक्षेवर. त्यांनी चार वर्षे या देशाचे वीज खातेही सांभाळले, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. या सदरात आपण बहुधा आजार आणि औषधांविषयी बोलतो. आज विजेविषयी आणि त्या चार वर्षांविषयी बोलू.

१४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथे भीमरावांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत. निवृत्तीनंतर हे कुटुंब आधी दापोलीला आले. दापोली ही तेव्हा लष्कराच्या पेन्शनरांची वस्ती. पुढे सातारा आणि नंतर मुंबई. आई भीमाबाई साताऱ्यात असतानाच गेल्या. मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळा संसार होता. मुलाने पहाटे उठून घासलेटच्या दिव्यावर अभ्यास करावा म्हणून वडील त्याला मध्यरात्रीनंतर उठवत. १९०७ साली मुंबईच्या रस्त्यावर विजेची ट्राम धावू लागली आणि त्याच साली भीमराव मॅट्रिक झाले. शहरात वीज आली होती, पण परळच्या त्या खोलीत ती आलेली नव्हती.

१९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी खाली सोडून केलेली ही वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळू लागली. त्याच वर्षी भीमरावांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. केले. पुढे लंडनमध्ये त्यांनी अर्थशास्त्रातली डी.एस्सी. मिळवली, ती १९२३ साली. आपण त्यांना कायदेपंडित म्हणून ओळखतो. पण त्यांचे मूळ शिक्षण अर्थशास्त्राचे होते, आणि विजेकडे त्यांनी पाहिले तेही अर्थशास्त्रज्ञाच्या नजरेने.

ही नजर त्यांच्या १९१८ च्या एका निबंधात दिसते. भारतात शेतीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेतकरी गरीब आहे, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई आणि तुकडे एकत्र करणे हा उपाय सुचवला जाई. आंबेडकरांनी रोगनिदान वेगळे केले. शेतीवर गरजेपेक्षा फार जास्त माणसे अवलंबून आहेत आणि त्यांतले बरेच हात रिकामे आहेत, हे त्यांच्या मते मूळ दुखणे होते. त्या हातांना दुसरीकडे काम मिळाले पाहिजे, म्हणजे उद्योग उभे राहिले पाहिजेत. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. जमीन खोताची, वाट्याला येणारे भात चार महिन्यांचे आणि घरातला एक तरी माणूस मुंबईला गिरणीत. कोकणातली खोती पद्धत रद्द करण्यासाठी आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत विधेयक मांडले, ते याच अनुभवातून.

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री झाले. खात्याचे नाव मजूर असले तरी त्याचा पसारा मोठा होता. कामगार, खाणी, सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे आणि वीज, एवढे सगळे त्यात येई. १९४६ च्या मध्यापर्यंत हे खाते त्यांच्याकडे होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम याच खात्याने प्रा. भा. पु. आडारकर यांना दिले. १९४४ च्या त्यांच्या अहवालावरच पुढे राज्य कामगार विमा योजना, आपली ईएसआय, उभी राहिली. ईएसआयच्या दवाखान्यात रांगेत उभ्या राहणाऱ्या कामगाराला हा इतिहास कोणी सांगत नाही.

तेव्हाच्या विजेची अवस्था काय होती? १९१० च्या कायद्यानुसार एखादी कंपनी एका शहराचा परवाना घेई, तिथे यंत्र बसवी आणि जे ग्राहक पैसे देतील त्यांना वीज विकी. म्हैसूर आणि मद्रास प्रांतात, पंजाबात, गंगा कालव्याच्या परिसरात लांबवर जाणाऱ्या तारा होत्या. बाकी देशात विजेची छोटी-छोटी बेटे होती. एका बेटावर यंत्र बंद पडले तर शेजारचे बेट मदत करू शकत नसे, कारण मधे तारच नव्हती. युद्ध संपल्यावर देश कसा उभा करायचा याची आखणी करण्यासाठी सरकारने समित्या नेमल्या होत्या. सार्वजनिक बांधकामे आणि वीज यांच्या धोरण समितीपुढे २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत आंबेडकरांचे भाषण झाले. वीज खासगी कंपन्यांच्या हाती असावी की सरकारच्या, जबाबदारी प्रांतांची असावी की केंद्राची, असे थेट प्रश्न त्यांनी मांडले. वीज स्वस्त, मुबलक आणि खात्रीची हवी, हा त्यांचा आग्रह होता. कारण विजेशिवाय उद्योग नाहीत, आणि उद्योगांशिवाय गरिबीच्या चक्रातून सुटका नाही. १९१८ च्या निबंधातले निदान २५ वर्षांनी उपचारापर्यंत आले होते.

या विचारातूनच १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. देशभरातली माहिती गोळा करणे, कुठे किती वीज लागेल याची पाहणी करणे आणि प्रदेशवार योजना आखणे हे त्याचे काम. आजच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे मूळ इथे आहे.

प्रदेशवार आखणी म्हणजे नेमके काय, हे मी माझ्या धंद्यातल्या उदाहरणाने सांगतो. समजा, जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुका रुग्णालयाने आपापला रक्तसाठा ठेवायचा ठरवला. प्रत्येकाला दुर्मीळ गटाच्या चार-चार पिशव्या लागतील. बहुतेक वेळा त्या वापरल्याच जाणार नाहीत आणि मुदत संपून फेकाव्या लागतील. आणि ज्या दिवशी एका ठिकाणी सहा लागतील, त्या दिवशी तिथे दोन कमी पडतील. त्याऐवजी एक मध्यवर्ती रक्तपेढी असली आणि रस्ते चांगले असले, तर कमी पिशव्यांत सगळ्यांचे भागते, कारण सगळीकडे एकाच वेळी अपघात होत नाहीत. विजेचेही तसेच आहे. गिरण्यांना वीज दिवसा लागते, घरांना संध्याकाळी, शेतीपंपांना रात्री दिली तरी चालते. तारांनी जोडले की तेवढ्याच वीज केंद्रांत जास्त माणसांचे भागते. शिवाय पावसाळ्यात धरणाचे पाणी वापरता येते, उन्हाळ्यात कोळसा.

पण जोडण्याआधी गणित करावे लागते. अभियंते एक नकाशा मांडतात. प्रत्येक गाव किंवा शहर हा एक ठिपका, प्रत्येक तार ही एक रेघ. कोणत्या ठिपक्यावर किती वीज तयार होते, किती खर्च होते, रेघ किती वीज वाहू शकते, हे सगळे आकड्यांत. मग वीज कुठून कशी वाहील ते काढायचे. वीज आपल्या सांगण्याने रस्ता निवडत नाही. जिथे अडथळा कमी तिकडे ती जास्त जाते, रक्तवाहिन्यांतल्या रक्तासारखी. म्हणून गणित किचकट होते. त्यानंतर मुद्दाम एक रेघ खोडून पाहायची. ही तार तुटली तर तिचा भार बाकीच्या तारा पेलतील का? की एकामागून एक सगळ्या बंद पडतील? हृदयाची एक धमनी तुंबली तर बाकीचे हृदय तग धरेल का, हाच प्रश्न आम्ही हृदयरोग्याबाबत विचारतो. संगणक येण्यापूर्वी यासाठी विजेच्या जाळ्याची लहान प्रतिकृती टेबलांवर उभी करत आणि तिच्यावर मोजमाप घेत. अमेरिकेत एमआयटीमध्ये असे यंत्र १९२९ मध्ये तयार झाले होते.

या सगळ्या गणितात गरीब देशाची अडचण वेगळीच असते. पुन्हा रक्तपेढीकडे येऊ. गेल्या वर्षी कोणत्या तालुक्याने किती पिशव्या वापरल्या, एवढ्यावरून मी पुढची मागणी ठरवली, तर ज्या तालुक्यात सर्जनच नाही त्याच्यापुढे शून्य येईल. तिथल्या बाळंतिणींना रक्तस्राव होत नाही, असा त्याचा अर्थ नाही. वीज कधी गेलीच नाही अशा गावाची मागणीही कागदावर शून्य असते. शून्य मागणी म्हणून तार नाही, तार नाही म्हणून मागणी शून्य. केवळ आजच्या ग्राहकांकडे पाहणारी कंपनी या फेऱ्यातून कधीच बाहेर पडत नाही. विकसनशील देशांत विजेच्या जाळ्याचे प्रारूप बनवणाऱ्या तज्ज्ञांना आजही हीच अडचण सतावते.

आंबेडकर अभियंते नव्हते. त्यांनी ठिपके आणि रेघा मोजल्या नाहीत. ते काम खात्यातल्या अभियंत्यांचे होते, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. बाबासाहेबांनी गणिताची सुरुवात बदलली. आज कोण पैसे देतो हा त्यांचा पहिला प्रश्न नव्हता. लोकांना गरिबीतून बाहेर काढायला किती वीज लागेल, हा होता. ज्या समाजाला गावाच्या हद्दीत असूनही कोणी हिशेबात धरत नव्हते, त्या समाजातून आलेल्या माणसाला हिशेबातल्या शून्याचा अर्थ अधिक लवकर कळला असेल, असे मला वाटते.

या विचारांची पहिली मोठी कसोटी दामोदर खोऱ्यात लागली. जुलै १९४३ मध्ये दामोदर नदीचा बांध फुटला आणि रेल्वे व रस्ते वाहून गेल्याने कलकत्त्याचा उत्तरेशी संपर्क तुटला. युद्ध चालू होते, बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. बांध पुन्हा घालून मोकळे होणे हा सोपा मार्ग होता. पण सारे खोरे एक धरून पूर, शेती, जलवाहतूक आणि वीज यांचा एकत्र विचार करायचे ठरले. अमेरिकेत १९३३ पासून टेनेसी खोऱ्यात हे चालू होते. तिथले अभियंता वूरड्विन यांना बोलावण्यात आले आणि त्यांनी १९४५ मध्ये आराखडा दिला. नदी दोन प्रांतांतून वाहणारी. बंगाल आणि बिहार यांची सांगड घालण्यासाठी कलकत्त्यात परिषदा झाल्या आणि त्यांचे अध्यक्षस्थान आंबेडकरांकडे होते. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. आठ धरणे सुचवली होती, पहिल्या टप्प्यात चारच झाली. पण धरणाची वीज आणि बोकारोची कोळशाची वीज एकाच जाळ्यात आली.

नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला महानदीविषयी परिषद झाली. ओरिसात पूर, दुष्काळ आणि लोकांच्या आरोग्याची दुर्दशा ही संकटे एकत्र नांदत होती, आणि आंबेडकरांनी ती एकत्रच मांडली. जास्तीचे पाणी लवकर समुद्रात कसे घालवता येईल एवढाच विचार तोवर होत असे. ते साठवा आणि त्याच पाण्यापासून सिंचन, वीज, वाहतूक मिळवा, अशी त्यांची भूमिका होती. पुढचे हिराकुड धरण याच विचाराच्या वाटेवरचे.

१९४८ साली वीज पुरवठा कायदा झाला. त्याने राज्यांत वीज मंडळे आणि केंद्रात विद्युत प्राधिकरण आले. तेव्हा वीज खात्याचे मंत्री काकासाहेब गाडगीळ होते. राज्यघटनेत वीज हा विषय समवर्ती सूचीत राहिला. म्हणजे राज्याची आणि केंद्राची, दोघांची जबाबदारी. स्वातंत्र्य मिळाले त्या वर्षी देशाची वीजनिर्मितीची स्थापित क्षमता १,३६२ मेगावॅट होती. आज एकट्या कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे, यावरून तेव्हाच्या दारिद्र्याची कल्पना येईल.

पुढे बाबासाहेब कायदामंत्री झाले. नियोजनाचे खाते आपल्याला मिळावे अशी त्यांची इच्छा होती, ते मिळाले नाही, आणि १९५१ मध्ये मंत्रिमंडळ सोडताना त्यांनी ही खंत बोलून दाखवली. ज्याने अर्थशास्त्राचे शिक्षण घेतले आणि वीज-पाण्याची आखणी करून दाखवली, त्याच्या हाती स्वतंत्र देशाचे नियोजन आले नाही. तोवर प्रकृतीही साथ सोडू लागली होती. मधुमेहाने त्यांना ग्रासले होते. पायांत असह्य वेदना होत, रात्रीची झोप मोडे, दृष्टी अधू होत चालली होती. मधुमेहात नसा आणि डोळे कसे हळूहळू जातात, हे आम्ही डॉक्टर रोज पाहतो. अशा शरीराने त्यांनी शेवटपर्यंत लिहिणे थांबवले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत झोपेतच त्यांचे निधन झाले. वय ६५.

योगायोग असा की, त्याच १९५६ साली अमेरिकेत वॉर्ड आणि हेल या दोन अभियंत्यांनी विजेच्या जाळ्याचे गणित संगणकावर कसे सोडवायचे, हे दाखवले. टेबलांवरच्या प्रतिकृतींचे दिवस संपू लागले.

कोयना हे बाबासाहेबांचे काम नव्हे. पण खोरे आणि प्रदेश एकत्र पाहण्याची ती रीत आपल्या जिल्ह्याला कोयनेनेच दाखवली. धरण सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात, पाणी बोगद्यातून सह्याद्री ओलांडून येते आणि आपल्या चिपळूण तालुक्यात पोफळीच्या भूमिगत वीजगृहात वीज करून वाशिष्ठीला मिळते. जलविद्युत केंद्र काही मिनिटांत चालू करता येते. त्यामुळे संध्याकाळी राज्यात मागणी उसळली की कोयनेकडे धाव घेतली जाते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्ही वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित भारताशी जोडले गेले. तेव्हापासून सारा देश एकाच लयीत, सेकंदाला ५० आवर्तनांच्या नाडीवर चालतो. जोडण्याचे धोकेही आहेत. त्याआधी सुमारे दीड वर्ष, जुलै २०१२ मध्ये, ग्वाल्हेरजवळची एक वाहिनी बंद पडण्यापासून सुरुवात होऊन सलग दोन दिवस देशाचा मोठा भाग अंधारात गेला. रेघ खोडून पाहण्याचे गणित किती महत्त्वाचे आहे, ते तेव्हा कळले.

या कहाणीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ठिपके आणि रेघांच्या नकाशात धरणाखाली बुडालेल्या गावांसाठी रकाना नव्हता. कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांची पुढची पिढीही हक्कासाठी दारे ठोठावत राहिली. सर्वांत वंचितांसाठी ज्याने वीज मागितली, त्याच्या स्वप्नाची किंमत पुन्हा वंचितांनीच मोजावी, ही आपल्या नियोजनातली मोठी उणीव आहे.

आणि शून्याचा प्रश्न आजही संपलेला नाही. घराघरांत मीटर आले, पण तारेच्या टोकाला असलेल्या गावात वीज किती तास असते आणि गेली तर किती वेळाने येते, हा प्रश्न उरतोच. लसींचा फ्रिज, बाळंतपणाच्या खोलीतला दिवा, घरी लावलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, हे सगळे त्या तासांवर अवलंबून असते. म्हणून वाचकांना माझी एक विनंती आहे. गावात वीज गेली की आकडे टाकलेल्या शेजाऱ्याला किंवा लाइनमनला दोष देऊन गप्प बसू नका. १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. आरोग्य उपकेंद्रातल्या ताईंनीही वीज किती वेळ नव्हती ते वहीत टिपावे. नोंदच नसेल तर पुढची आखणी करणाऱ्याच्या तक्त्यात आपल्या गावापुढे शून्यच दिसेल.

जाता जाता, इन्सुलिन वापरणाऱ्यांसाठी. वापरात असलेली कुपी सावलीत, थंड जागी साधारण चार आठवडे चांगली राहते. फ्रिज बंद असेल तर माठाचा आधार घ्या. कुपीत मात्र पाणी शिरू देऊ नका, आणि ती थेट बर्फात कधीच ठेवू नका. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. मंडणगडच्या त्या सुनेला हे कोणी शिकवले नव्हते, तरी तिने ते बरोबर केले होते. वीज मात्र तिच्या गावात त्यानंतरही बऱ्याच दिवसांनी आली.